ओसरीवरून : वाड्यास दोन नवे खण

वाडा राखावा कीं पाडावा, हा प्रश्न साताऱ्याच्या पेठापेठांतून आज इतक्या घरीं उभा आहे कीं, त्यावर कांहीं लिहूं गेल्यास कोणत्या तरी वाचकाच्या माजघरांतील बोलणें आम्हीं चोरून ऐकलें असा संशय यावयाचा. म्हणून आरंभींच सांगून ठेवतों : पुढील हकीकत आमच्याच घरची आहे, आणि तींतील मुख्य अपराधीहि आम्हीच आहों.

आमचा वाडा पणजोबांनीं बांधिला. त्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. पूर्वाभिमुख दिंडीदरवाजा, देवडी, ओसरी, मध्यें चौक. चौकापलीकडे सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागें परसू. जोतें घडीव काळ्या दगडाचें, त्यावर कमरेइतकी दगडी भिंत व वर पांढऱ्या मातीची. आंत सागवानी खांबांचा व तुळयांचा सांगाडा, माथ्यावर कौलें. मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा ज्यांनीं पाहिला आहे (आणि २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटामुळें ज्यांनीं मेणवलीस पाऊल ठेविलें नाहीं त्यांनींहि तेथील कृष्णेचा घाट पाहिलेलाच आहे) त्यांस आमचें घर म्हणजे हत्तीशेजारीं बांधलेली शेळी वाटेल. परंतु जाड भिंती, मध्यें उघडा चौक आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सरळ नजर, ही जातकुळी दोहोंची एकच.

वडील वारल्यावर १९९८ सालीं वांटणी झाली. पुढील भाग आमच्याकडे आला. चौकापलीकडचा भाग आमच्या कनिष्ठ बंधूंकडे गेला. ते सांगलीस नोकरीस असल्यामुळें त्यांनीं आपल्या भागांत भाडेकरू ठेवण्याचें ठरविलें. परक्या माणसांचा वावर आमच्या ओसरीवर नको, म्हणून चौकांत मधोमध दक्षिणोत्तर भिंत घालावी असा हट्ट आम्हीं धरला. बंधू म्हणाले, “दादा, एक लांकडी पडदी आड ठेवली तरी भागेल.” आम्हीं ऐकलें नाहीं. आठ फूट उंचीची विटांची भिंत उभी राहिली. स्वयंपाकघर पलीकडे गेल्यामुळें आमच्या अर्ध्या चौकावर पत्रे टाकून तेथें ओटा घातला गेला. पुढें बंधू दर वर्षीं गणपतीस येत, जेवत आणि संध्याकाळच्या गाडीनें सांगलीस परत जात. वाड्यांत रात्रीं म्हणून ते राहिले नाहींत.

सांगलीस त्यांनीं कृष्णेपासून हांकेच्या अंतरावर टुमदार घर बांधलें होतें. २००५ च्या महापुरांत पाणी त्यांच्या पायरीस लागून मागें फिरलें. हरिपूरच्या शेतकऱ्यांचें तसें झालें नाहीं. हळद साठविण्याचीं तेथलीं जमिनींतील पेवें त्याच पुरांत मोठ्या संख्येनें निकामी झालीं. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलापाशीं नदी ५७ फुटांच्या वर गेली. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट समजतात. बंधू, भावजय आणि त्यांची लहान नात होडींतून बाहेर निघालीं. घरांत पुरुषभर पाणी होतें. तें सर्व धुऊन, रंगवून होतें न होतें तोंच २०२१ च्या जुलैंत पुन्हां तीच गत. त्यानंतर आठ दिवसांनीं बंधूंचा फोन आला. “मागचा भाडेकरू गेला आहे. आम्ही तिकडे राहावयास आलों तर तुला चालेल ना?” स्वतःच्या वांट्याच्या घरांत येण्यास त्यांना आमची परवानगी मागावी लागली, हें आमच्या मनास फार लागलें, पण फोनवर आम्ही इतकेंच म्हणालों कीं, “ये.”

आतां माणसें बारा झालीं. आम्ही दोघें, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडें. बंधू, भावजय, त्यांचे चिरंजीव, सून व नात. आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या मातोश्री. वाडा बाहेरून मोठा दिसतो, पण निजावयाच्या खोल्या मोजूं गेल्यास चार. दोघा तरुण जोडप्यांस दार लोटून घेतां येईल अशी खोली नाहीं, आणि न्हाणीघर एकच, तेंहि परसांत. अशा वेळीं एका बांधकाम व्यावसायिकानें निरोप धाडला : वाडा द्या, पांच मजली इमारत उभी करतों, त्यांत चार सदनिका तुमच्या. दोन्ही चिरंजीवांस तें पटलें. खरें सांगावयाचें तर आमचेंहि मन डळमळलें. सात-आठ दिवस चर्चा चालली. मातोश्री कांहींच बोलत नव्हत्या. शेवटीं सूनबाईंनींच त्यांना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “तुळस कितव्या मजल्यावर ठेवणार?”

त्या प्रश्नानें निर्णय झाला असें मात्र नाहीं. घरें असल्या वाक्यांवर उभीं राहत नाहींत. निर्णय केला तो उष्णतामापकानें. आमची एके काळची विद्यार्थिनी आतां पुण्यास वास्तुविशारद आहे. तिला बोलावलें. वैशाखांतील एका दिवशीं तिनें वाड्यांत चार ठिकाणीं उष्णतामापक टांगले आणि तीन वाजतां आंकडे वहींत टिपले : बाहेर ३८ अंश, ओसरीवर ३५, माजघरांत ३०, आणि पत्र्याखालच्या आमच्या स्वयंपाकघरांत ४४. वही आमच्यापुढें ठेवून ती म्हणाली, “सर, तुमच्या पूर्वजांनीं थंड घर बांधलें होतें. तुम्हीं त्यांत भट्टी घातलीत.”

वर्गांत या मुलीस आम्हीं कधीं छडी दाखविली असेल, तिचें उट्टें निघालें. परंतु शेजारीं उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं त्या ४४ आंकड्याकडे पाहून जो सुस्कारा टाकला, त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पंचवीसाच्या आसपास उन्हाळे त्यांनीं त्या पत्र्याखालीं पोळ्या लाटल्या होत्या. “उकडतें” असें त्या म्हणत. आणि आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत “उन्हाळाच आहे” असें उत्तर देत असूं.

माजघर थंड कां, याचें कारण वाचकांनीं नीट समजून घ्यावें, कारण आजच्या बांधकामांत तेंच हरवलें आहे. जाड भिंत उष्णता अडवीत नाहीं, तिला उशीर करते. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींतून दुपारचा ताप पलीकडे पोंचेपर्यंत रात्र पडते. तोंवर बाहेरची हवा निवलेली असते, दारें उघडीं असतील तर वारा तो ताप घेऊन जातो, आणि पहांटेपर्यंत भिंत पुन्हां गार होऊन दुसऱ्या दिवसासाठीं सज्ज होते. चार-पांच इंच जाडीच्या काँक्रीटच्या गच्चींतून तोच ताप दिवेलागणीस डोक्यावर येतो, आणि मग माणसें यंत्र लावून तो बाहेर हांकतात. हें जाड भिंतीचें गणित देशावर जमतें, कारण आमच्या रात्री थंड असतात. कोंकणांत, जेथें रात्रीं पारा फारसा उतरत नाहीं, तेथें हलकें, मोकळें, वारा खेळेल असें घरच बरें. भिंतीहून जाड म्हणजे धरित्री. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिके ती जमिनीखालीं कांहीं हातांवर उन्हाळा-हिंवाळा फारसा पोंचत नाहीं म्हणूनच. साताऱ्यापासून जवळ लिंब येथें बारा मोटांची विहीर आहे. तींत पाण्याच्या वर दगडी महालच बांधलेला आहे. ऐन चैत्रांत तेथें उतरून पाहावें, म्हणजे अठराव्या शतकांतील लोक उन्हाळा कसा काढीत तें पुस्तक न उघडतां कळेल.

पण जाड भिंतीस रात्रींचा वारा हवा, आणि आमच्याकडे वारा येतो पश्चिमेकडून, यवतेश्वराच्या डोंगरावरून. तो परसदारानें आंत येऊन माजघर, सोपा, चौक, ओसरी असा पुढच्या दारानें बाहेर पडावा अशी पणजोबांची योजना. त्या वाटेवर बरोबर मध्यें आमची १९९८ ची भिंत. ती पाडल्याशिवाय पुढील कोणत्याहि सुधारणेस अर्थ नाहीं, असें त्या मुलीनें सांगितलें. तिला बिचारीला त्या भिंतीचा इतिहास ठाऊक नव्हता. आम्हीं बंधूंकडे पाहिलें. बंधू कौलांकडे पाहत होते.

भिंत पाडावयास गवंड्यांस तीन तास लागले. विटा चांगल्या होत्या, म्हणून घासून रचून ठेविल्या. पत्रे उतरले. त्या संध्याकाळीं ओसरीवरील दिनदर्शिकेचीं पानें फडफडूं लागलीं, तेव्हां आंतून मातोश्रींनीं विचारलें, “मागचें दार कोणीं उघडलें रे?”

नव्या बांधकामाविषयीं आतां थोडक्यांत लिहितों. परसांत दक्षिण अंगास दोन खण, वर माडी, असें ठरलें. परसदारासमोरची वाऱ्याची वाट मोकळी ठेविली. पश्चिमेची भिंत तिसऱ्या प्रहरीं सर्वांत अधिक तापते, म्हणून त्या टोंकास जिना, न्हाणीघर व कोठीची खोली घातली. माणसांऐवजीं बादल्यांनीं ऊन सोसावें. निजावयाच्या खोल्यांच्या खिडक्या दक्षिणेस, अजिंक्यताऱ्याकडे. यावर शेजारच्या एका गृहस्थांनीं दक्षिण दिशा अशुभ असल्याचें भावजयबाईंच्या मनांत भरविलें. वास्तुविद्येवर श्रद्धा ठेवणाऱ्यांनीं वराहमिहिराची बृहत्संहिता एकदां तरी उघडून पाहावी. तींत चतुःशाल घरांचे प्रकार आहेत, आणि वज्रलेपावर एक अध्याय आहे, त्यांत कच्चीं टेंभुर्णीची व कवठाचीं फळें उकळून लेप करावयास सांगितला आहे. म्हणजे ग्रंथकर्त्याचे हात चिखलांत बुडालेले होते. शुभाशुभ तेथें नाहीं असें नाहीं. पण आजचे सल्लागार तेवढेंच उचलतात आणि कवठ टाकून देतात.

आम्हीं भावजयबाईंस शंकु रोवून दाखविला. सातारा सुमारें १७ अंश ४१ कला उत्तर अक्षांशावर आहे. मार्गशीर्ष-पौषांत, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमारास, मध्यान्हीं सूर्य क्षितिजापासून केवळ ४९ अंश वर असतो. मार्च व सप्टेंबरच्या संपातास ७२ अंश. आणि १० मेच्या आसपास तो थेट डोक्यावर येऊन ऑगस्टच्या आरंभापर्यंत दुपारीं उत्तरेकडेच राहतो. (मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, साताऱ्यास तो साडेबारा वाजून गेल्यावर कांहीं वेळानें होतो.) यावरून वळचण किती पुढें काढावयाची तें निघतें. वळचण आठ फूट उंचीवर आणि अडीच फूट पुढें असली, तर संपाताच्या मध्यान्हीं तिची सांवली जवळजवळ जमिनीपर्यंत उतरते व सगळी खिडकी झांकली जाते. डिसेंबरांत तीच सांवली तीन फुटांच्या आंत थांबते आणि खालून ऊन खोलींत शिरतें. ज्या दिशेचें ऊन उन्हाळ्यांत दुपारीं येतच नाहीं व हिंवाळ्यांत मागितल्यासारखें येतें, ती दिशा अशुभ कशी? भावजयबाईंनीं काठीची सांवली पाहिली, कांहीं बोलल्या नाहींत, पण थंडीच्या दिवसांत आपली गादी कोठें घालावयाची तें त्यांनीं त्याच क्षणीं ठरविलें असावें.

भिंती विटांच्याच, परंतु विटा आडव्या न निजवितां कडेवर उभ्या करून मध्यें पोकळी राखलेल्या. केरळांत लॉरी बेकर या वास्तुविशारदांनीं (१९१७–२००७) ही बांधणी पुष्कळ रूढ केली. विटा सुमारें एक चतुर्थांशानें कमी लागतात आणि पोकळींतील हवा ताप रोखते. कोयनेच्या शेजारीं राहणाऱ्यांनीं मात्र नुसत्या पोकळीवर विसंबूं नये. ११ डिसेंबर १९६७ ची पहांट आम्हांस आठवते. आम्ही बालवयांत होतों; सगळा वाडा जहाजासारखा करकरला. सागवानी सांगाडा उभा राहिला, पण बोळाकडील मातीची भिंत बाहेर ढांसळली. भार खांबांवर असल्यामुळें माडी जागची हलली नाहीं. ती गोष्ट सांगतांच वास्तुविशारद बाईंनीं नव्या भिंतींच्या पोकळींतून ठराविक अंतरावर लोखंडी सळ्या उभ्या घेतल्या आणि जोतें, दाराचा माथा व छप्पर या तिन्ही उंचींवर काँक्रीटचा सलग पट्टा फिरविला. जुनें आणि नवें एकमेकांस सांधलें नाहीं. मध्यें दोन बोटांची फट ठेविली, कीं धरणी हलली तर दोघांनीं आपआपल्या तऱ्हेनें हलावें.

जुन्या भिंतींची दुसरी चूक आमची एकट्यांची नाहीं. त्या काळीं सर्वांनींच ती केली. माती-चुन्याच्या भिंतीस १९९० च्या सुमारास आम्हीं सिमेंटचा गिलावा केला. भिंत जमिनींतील ओल शोषते व चुन्यांतून ती बाहेर टाकते. सिमेंटनें तिचें तोंड बंद झालें, ओल आंत कोंडली, लोणा लागला आणि दर पावसाळ्यांत हातभर पापुद्रे सुटूं लागले. तो सर्व गिलावा खरडून काढावा लागला. वाईकडील एक वृद्ध गवंडी मिळाले. त्यांनीं चुना कित्येक दिवस भिजत घातला, गुळाचें व हिरड्याचें पाणी केलें, तागाचे तुकडे मिसळले. काम इतकें सावकाश चाललें कीं चिरंजीवांचा धीर सुटला. गवंडीबुवा म्हणाले, “चुन्याला घाई कळत नाहीं, साहेब.” चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हां दगड बनतो, त्यास वेळ लागतो हें रसायनशास्त्रच आहे, पण त्यांच्या तोंडून तें अधिक पटलें.

केंद्र सरकारनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं 'इको निवास संहिता' काढली आहे, तिचाहि आधार घेतला. छप्पर वगळून भिंती-खिडक्यांवाटे जी उष्णता घरांत येते, तिला दर चौरस मीटरमागें १५ वॅटची मर्यादा त्या संहितेनें घातली आहे. संहिता हें नांव वाचून आम्हीं ती मोठ्या हौसेनें हातीं घेतली होती. महाभाष्यापेक्षां कठीण निघाली. हिशेब बाईंनींच केला.

विजेचा प्रश्न खरा अवघड होता, कारण तो विजेचा नव्हताच. वांटणीपासून वाड्यांत दोन मीटर होते. नव्या खणांच्या दक्षिणेकडील उतरत्या छपरावर, आमच्या अक्षांशाइतकाच कल देऊन, तीन किलोवॅटचे सौर पट बसवावयाचे ठरलें. फेब्रुवारी १९२४ शकें नव्हे, इसवी २०२४ मध्यें सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेंत त्यास ७८,००० रुपयांचें अनुदान मिळतें. स्वच्छ उन्हांत दिवसाकांठीं बारा युनिटांच्या आसपास वीज होते, पावसाळ्यांत पुष्कळच घटते. पण ती कोणाच्या मीटरला जोडावयाची? बंधू म्हणाले, दादाच्या. आम्ही म्हणालों, तुझ्या. हा आग्रह दोन दिवस चालला, आणि तो प्रेमाचा होता असें कोणीं समजूं नये. ज्याच्या नांवावर मीटर त्याचें घर, ही भीति दोघांच्याहि पोटांत होती. अखेर सूनबाईंनीं अर्जच आजीच्या नांवानें भरला, आणि त्यासाठीं लागणाऱ्या संमतिपत्रावर आम्हां दोघांच्या सह्या घेतल्या. मातोश्रींस थरथरत्या हातानें सही करावयास दहा मिनिटें लागलीं.

स्वयंपाकघराचा निकाल बायकांनीं आपसांत लावला व आम्हांस नंतर कळविला : स्वयंपाकघरें दोन, जेवावयाचें माजघर एक. जुनें स्वयंपाकघर आमच्या सौभाग्यवतींनीं घेतलें. तेथें आतां छपरांत कांचेचीं दोन कौलें बसविलीं आहेत, त्यामुळें दिवसा दिवा लागत नाहीं. दिवे सगळे एलईडी. ६० वॅटच्या जुन्या बल्बचें काम ९ वॅटमध्यें होतें. नवे पंखे जुन्यांच्या निम्म्याहून कमी वीज घेतात. परसांतील तांब्याचा बंब मात्र ठेविला आहे, सूर्यावरील पाणी श्रावणांत दगा देतें तेव्हां तोच कामास येतो.

एकंदर खर्च आमच्या अंदाजापेक्षां पुष्कळ अधिक झाला. बंधूंच्या सांगलीच्या घरास पूररेषेमुळें गिऱ्हाईक नाहीं; त्यांचा वांटा सध्यां आमच्या निवृत्तिवेतनाच्या ठेवींतून गेला आहे, आणि त्याचा कागद करावा कीं न करावा, हें अजून आम्ही एकमेकांस विचारलेलें नाहीं.

सांप्रतचा वाद चौकाचा आहे. भिंत गेली, पत्रे गेले. आतां मृगाचा पाऊस थेट चौकांत पडणार आणि ओसरी व सोपा भिजणार. चिरंजीवांचें म्हणणें, वर पारदर्शक छप्पर घाला. वास्तुविशारद बाईंनीं पत्रानें निक्षून कळविलें आहे कीं, तसें केल्यास तापलेली हवा कोंडेल व पुन्हां भट्टी होईल. बंधू म्हणतात, लहानपणीं आपण चौकांतल्या पाण्यांत होड्या सोडीत होतों, तेव्हां कोणी भिजून मेलें नाहीं. आम्हीं तूर्त ताडपत्री आणून देवडींत ठेविली आहे, आणि ज्येष्ठ लागून चार दिवस झाले आहेत.